सायकलस्वाराची पठारावस्था : विश्रांतीचा हिशेब

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत 'पठारावस्था' हा शब्द वाचल्याचे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. तारयंत्र शिकणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास ब्रायन आणि हार्टर या दोघा अमेरिकन संशोधकांनी १८९७ साली प्रसिद्ध केला. प्रारंभी झपाट्याने वाढणारा वेग पुढे एका टप्प्यावर येऊन आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही, असे त्यांच्या आलेखांतून दिसून आले. वर चढत गेलेली रेषा एकाएकी आडवी होते, म्हणून ती पठारावस्था. आपण दख्खनच्या पठारावरची माणसे असल्याने या शब्दाचे आपणांस भय वाटू नये. परंतु सायकल चालविणाऱ्या माझ्या वैद्यकबंधूंना ते वाटते, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी ते जो मार्ग धरतात तो बहुधा उलट दिशेचा असतो. त्याविषयी चार शब्द लिहावेत, या हेतूने हा लेखनप्रपंच.

गेल्या काही वर्षांत जुन्या हुबळीत पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली आहे. इंडी पंपापासून कारवार रस्त्याने कलघटगीच्या दिशेने, नाहीतर शहर ओलांडून उणकल तलावावरून नवनगर-धारवाडकडे, असे आपले दोन मुख्य मार्ग. कुंदगोळकडचा काळ्या मातीतला सपाट रस्ता ज्यांना प्रिय आहे असेही काही आहेत. या मंडळींत डॉक्टरांचा भरणा मोठा आहे, आणि पहिल्या दीड-दोन वर्षांच्या उत्साही प्रगतीनंतर "वेग वाढत नाही, उलट पाय जड झालेत" ही तक्रार मी प्रत्येकाच्या तोंडून केव्हा ना केव्हा ऐकली आहे. तक्रारीमागोमाग तिचा उपायही त्यांनीच ठरविलेला असतो : आणखी थोडे किलोमीटर, आणखी थोड्या लवकर उठणे. जो रुग्ण औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने दुप्पट करतो त्याच्यावर आपण रागावतो. येथे तेच आपण करीत असतो.

शरीरशास्त्राची उजळणी वैद्यकबंधूंना नको असेल, परंतु समाजातील इतर वाचकांसाठी ती थोडक्यात करतो. व्यायामाने शरीर बळकट होत नाही. व्यायामाने ते थकते, स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा आटतो, स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. बळकट होण्याची क्रिया नंतरच्या तासांत आणि दिवसांत, मुख्यतः झोपेत व पोटात अन्न असताना घडते. पुढच्या वेळी असाच ताण आला तर तो पेलावा म्हणून शरीर पूर्वीपेक्षा किंचित अधिक तयारी करून ठेवते : रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, पेशींतील मायटोकाँड्रिया वाढतात, हृदयाच्या एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते. हान्स सेलिए यांनी १९३६ साली ताणाला शरीराकडून मिळणाऱ्या प्रतिसादाचे जे टप्पे मांडले, त्यांचा तपशील पुढे बराच सुधारला गेला. तरी ताण, त्याच्याशी जुळवून घेणे आणि ताण हटलाच नाही तर अखेरीस येणारी गलितगात्र अवस्था हा क्रम आजही उपयोगी पडतो. दुसरा ताण पहिल्याची भरपाई होण्यापूर्वीच आला, तिसरा दुसऱ्याच्या आधी, तर जमाखर्च तुटीत जातो. सायकलस्वार मात्र तुटीला आळस समजतो.

येथे एका वैद्यकीय विद्यार्थ्याचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकणारे रॉजर बॅनिस्टर १९५४ च्या वसंतात चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याच्या तयारीत होते. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती, असा त्यांचा सराव असे. प्रत्येक फेरीचा वेळ कमी होत होत ६१ सेकंदांवर आला आणि तेथेच थबकला. ६० सेकंदांचे लक्ष्य समोर दिसत होते, पण हाती लागत नव्हते. तेव्हा बॅनिस्टर आणि त्यांचे सहकारी ब्रॅशर धावणे सोडून स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेले. तीन-चार दिवस धावण्याचे नाव नाही. परतल्यावर त्याच दहा फेऱ्या प्रत्येकी ५९ सेकंदांत झाल्या, आणि ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या मैदानावर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांचा विक्रम नोंदला गेला. बॅनिस्टर पुढे नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ झाले. डोंगर चढणे ही काही शास्त्रशुद्ध विश्रांती नव्हे, हे मान्य. पण ज्या ताणाने ते थकले होते तो ताण थांबला, एवढे पुरेसे ठरले.

आपल्याकडील उदाहरणही डॉक्टरांचेच आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही शर्यत १९८२ पासून चालू आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. दोघांच्या गटाची रचना पाहण्यासारखी असते. एक जण सायकलवर असताना दुसऱ्याने गाडीत खायचे, पाय सैल सोडायचे, डोळा लावायचा. भावाला सोबत म्हणून जागे राहायचे नाही. म्हणजे जगातील अतिशय खडतर शर्यतींपैकी एकीतही विश्रांती हा उरलेला वेळ नसून नेमून दिलेले काम असते. एकट्याने जाणाऱ्यांना ही सवलत नसते. त्यांची झोप तासा-दोन तासांच्या तुकड्यांत होते, आणि ती केव्हा घ्यायची याचा निर्णय शर्यतीच्या निकालाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आता आमच्या गटातील एका भूलतज्ज्ञांची हकीकत त्यांच्या अनुमतीने सांगतो. वय ५२, प्रकृती सडपातळ, व्यसन नाही. आठवड्याचे सहा दिवस सायकल : पाच दिवस चाळीस किलोमीटर आणि रविवारी कलघटगीला जाऊन-येऊन सुमारे साठ. एकूण २६० किलोमीटर. कलघटगीच्या फेरीला त्यांना चार महिने सातत्याने २ तास २२ मिनिटे लागत होती. मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांनी सहाच्या ऐवजी सातही दिवस जाण्यास आरंभ केला आणि वेळ २ तास २६ मिनिटे झाला. झोप उथळ झाली, घरच्यांशी चिडचिड होऊ लागली, आणि रविवारी सकाळी सायकलला हात लावावासा वाटेना. हे शेवटचे लक्षण मी सर्वांत गंभीर मानतो.

त्यांच्या छातीवरील पट्ट्याने नोंदविलेले हृदयगतीचे आकडे आम्ही दोघांनी बसून पाहिले. प्रत्येक दिवशी सरासरी १३८ ते १४२. मंगळवार असो वा शनिवार, चढ असो वा उतार, कधी १३० च्या खाली नाही, कधी १५५ च्या वर नाही. पूर्वी नृपतुंग बेट्ट्याच्या चढावर १७२ पर्यंत जाणारे हृदय आता जीव तोडूनही १६० गाठत नव्हते. सकाळी अंथरुणात असतानाची नाडी ५४ वरून ६१ झालेली. आणि या सगळ्यात आठवड्यातून दोन रात्रपाळ्या, त्यांतील निदान एकीत पहाटे दोन-तीन वाजता सिझेरियनसाठी उठणे. त्या रात्रीनंतरही ते साडेपाचला सायकलवर असत. "रात्रभर उभाच होतो, व्यायाम कुठे झाला?" हा त्यांचा युक्तिवाद.

मुद्दा नेमका येथे आहे. शरीराला रात्रपाळी आणि चढ यांतला भेद फारसा कळत नाही. तुटलेली झोप, रात्री स्रवलेले ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल, अवेळी घेतलेला चहा, हे सर्व त्याच खात्यावर खर्ची पडते ज्यातून सरावाचा खर्च भागवायचा असतो. व्यावसायिक सायकलपटू आठवड्याला वीस-पंचवीस तास सायकल चालवितो हे खरे. पण उरलेल्या वेळात तो झोपतो, जेवतो आणि पाय वर करून पडतो. आपण त्याचे किलोमीटर उचलतो आणि त्याची दुपारची झोप सोडून देतो. म्हणून डॉक्टरने, आणि पाळीत काम करणाऱ्या कोणीही, सरावाच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी झोपेचे तास आणि रात्रपाळी लिहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रात्रपाळी म्हणजे एक जड सराव, असे धरूनच पुढचा दिवस ठरवावा.

उपचार सांगण्याआधी निदान. पठारावस्थेला सरसकट अतिसराव म्हणणे हा आळशीपणा होय. या गृहस्थांची इसीजी आणि ट्रेडमिल चाचणी केली. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड, साखर पाहिली. सर्व ठीक निघाले. अतिसराव दाखवून देणारी एखादी रक्तचाचणी अस्तित्वात नाही. युरोपीय आणि अमेरिकन क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये संयुक्तपणे मांडलेल्या मतातही इतर कारणे वगळून या निदानापर्यंत यावे असेच म्हटले आहे. थोड्या दिवसांच्या विश्रांतीने जो भरून निघतो तो साधा थकवा. ज्याला आठवडे लागतात तो त्यापुढचा. आणि ज्याला महिनोन्‌महिने लागतात तो खरा अतिसरावाचा विकार. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रकार पहिल्या दोहोंतच मोडतो, हे सुदैव.

पहिले दहा दिवस त्यांना फक्त तीन वेळा, तासाहून कमी आणि १२० च्या खालच्या हृदयगतीने जाण्याची मुभा दिली. रात्री दहाला दिवा बंद. नवव्या दिवशी सकाळची नाडी ५५ वर आली. मग आठवड्याची फेरमांडणी केली. मंगळवारी चढाचा सराव : आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या, हृदयगती कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास, मध्ये दोन-तीन मिनिटे सावकाश. आठ मिनिटांचा आकडा माझा नव्हे; हौशी सायकलस्वारांवर सायलर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या २०१३ च्या अभ्यासात चार मिनिटांच्या अतितीव्र आणि सोळा मिनिटांच्या मध्यम फेऱ्यांपेक्षा आठ मिनिटांच्या चार फेऱ्यांचा लाभ अधिक दिसला होता. रविवारी लांबची फेरी, पण संथ. गुरुवार आणि शनिवारी पाऊण तास, तोही संथच. बाकी तीन दिवस सायकल भिंतीला टेकलेली. एकूण सुमारे १६० किलोमीटर. दर चौथ्या आठवड्यात त्याच्याही निम्मे, मात्र मंगळवारच्या दोन फेऱ्या तेवढ्या राखलेल्या. रात्री पाच तासांहून कमी झोप झाली तर मंगळवारचा सराव पुढे ढकलायचा, आणि पुढे ढकलण्याला दिवस उरला नाही तर तो आठवडा तसाच सोडायचा.

यावर त्यांचे म्हणणे असे : "अहो डॉक्टर, आठवड्याला शंभर किलोमीटर कमी करा म्हणजे वेग वाढेल, असे मी एखाद्या रुग्णाला सांगितले असते तर तो दुसऱ्या दवाखान्यात गेला असता." तरी त्यांनी ते केले. अकराव्या आठवड्याच्या अखेरीस, वारा नसलेल्या एका सकाळी, कलघटगीची फेरी २ तास १६ मिनिटांत झाली. वारा नसलेल्या असे मुद्दाम लिहितो, कारण पावसाळ्यात कारवार रस्त्याने जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो. जुलैतील वेळेची मार्चमधील वेळेशी तुलना करून कित्येकांनी विनाकारण खेद अथवा आनंद मानला आहे.

सगळ्यांत अवघड काय गेले, तर संथ चालविणे. संथ म्हणजे किती संथ, याला यंत्राची गरज नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत, दम न लागता, घरच्या लग्नाची चर्चा करता आली पाहिजे. वाक्य मध्ये तुटले की वेग अधिक झाला. पण रविवारचा गट हा या नियमाचा शत्रू आहे. उणकलपर्यंत सर्व जण एकत्र, गप्पा मारीत. पुढे रस्ता मोकळा होताच एखादे शल्यविशारद गियर वाढवितात, ते पाहून अस्थिरोगतज्ज्ञ उठून पेडल मारतात, आणि नवनगर येईतो सरावाची शर्यत झालेली असते. अशा सरावात वेग शर्यतीइतका तीव्रही नसतो आणि विश्रांतीइतका मंदही नसतो. रोज असाच मध्यम सराव करणाऱ्याला तीव्र सरावाचा लाभ मिळत नाही आणि संथ सरावाची स्वस्ताईही मिळत नाही. उत्तम सहनशक्तीपटूंच्या नोंदी पाहता त्यांच्या दर पाच सरावांपैकी सुमारे चार संथ असतात. आम्ही आता पुढे निघून जाणाऱ्याला जाऊ देतो आणि न्याहारीचे पैसे त्याच्याकडून घेतो.

न्याहारीचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. फेरीनंतर गिरमिट आणि मिरची भजी हे आपल्या गावाचे वैभव आहे, त्याला माझी हरकत नाही. परंतु त्यात चुरमुऱ्यांचे कर्बोदक आणि तेल पुष्कळ, प्रथिने बेताची. दोन तासांहून अधिक चालविल्यानंतर, आणि विशेषतः दुसऱ्याच दिवशी पुन्हा जायचे असेल तर, पहिल्या काही तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात गेली की ग्लायकोजेनचा साठा लवकर भरतो. सोबत पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिने हवीत. पन्नाशीनंतर स्नायूंचा प्रथिनांना मिळणारा प्रतिसाद मंदावत असल्याने ती टाळून चालत नाही. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर झुणका आणि मोठी वाटी दही, एवढ्यात हे साधते. डबाबंद भुकटीची जाहिरात पाहून कोणी विचारणा केली तर मी हेच उत्तर देतो. वजन कमी व्हावे म्हणून फेरीनंतर उपाशी राहणारे पठारावर अधिक काळ राहतात. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी उपाशीपोटी लांब जाणे तर धोक्याचेच आहे.

आमच्या गटातील एका बालरोगतज्ज्ञ भगिनींची पठारावस्था मात्र विश्रांतीने हटली नाही. हिमोग्लोबिन १२.३, म्हणून कोणी पुढे पाहिले नव्हते. फेरिटिन निघाले ११. रक्तात अद्याप तूट दिसत नसली तरी लोहाचे कोठार रिकामे होते. दिवसाआड एक गोळी, चहापासून दूर, असे तीन महिने दिल्यावर त्यांचे पाय परत आले. शाकाहारी आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांत हे वारंवार आढळते. पन्नाशीच्या पुरुषात लोह कमी निघाले तर मात्र गोळी लिहून मोकळे होऊ नये; पचनमार्गातून रक्तस्राव होत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

आणि एक गृहस्थ, आपल्या समाजातीलच, बँकेतून निवृत्त झालेले, वय ६१. पूर्वी न थांबता चढणाऱ्या पुलावर त्यांना मध्येच उतरावे लागू लागले. "सराव कमी पडतो" असे म्हणून त्यांनी तो वाढविला. छातीत दुखत नव्हते. जबड्यात किंचित ओढ आणि दम, तोही प्रत्येक वेळी त्याच जागी. ट्रेडमिल चाचणी तिसऱ्याच मिनिटाला थांबवावी लागली. अँजिओग्राफीत हृदयाच्या डाव्या मुख्य शाखेपैकी पुढच्या रोहिणीत मोठा अडथळा सापडला, स्टेंट बसविला गेला. आज ते संथ गतीने उणकलपर्यंत जातात. चाळिशीनंतर आलेली पठारावस्था, विशेषतः उतरणीला लागलेली, ही हृदयाची तपासणी होईतो पठारावस्था म्हणू नये. बीटा ब्लॉकर चालू असलेल्यांनी हृदयगतीचे आकडे बाजूला ठेवून बोलण्याच्या कसोटीवर भिस्त ठेवावी. डेंग्यू, चिकुनगुन्या वा कोविडनंतर महिनाभर पाय जड राहिले तर त्यात नवल नाही. ताप उतरल्यानंतर आठवडाभर तरी सायकलला रजा द्यावी, आणि छातीत धडधड वा दम असेल तर तपासणीपर्यंत.

राहता राहिला मोठ्या फेरीपूर्वीचा पंधरवडा. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे किलोमीटर कोंबण्याची सवय आपल्याकडे फार. बॉस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटविणे, तीव्रता आणि वारंवारता मात्र तशीच ठेवणे, हे सर्वांत लाभदायक दिसले. आमच्या भूलतज्ज्ञांनी यंदा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी नाव घातले आहे. मुदत २० तासांची असते. त्यांच्या वहीत शेवटच्या दोन आठवड्यांच्या पानांवर ८० आणि ७० किलोमीटर असे लिहिलेले मी पाहिले. त्या आठवड्यांतील तीन रात्रपाळ्या त्यांनी सहकाऱ्यांशी बदलून घेतल्या आहेत, आणि त्या बदल्यात दिवाळीच्या दोन रात्री स्वतःकडे घेतल्या आहेत.